टीम सारखी हरतेय आणि लेक म्हणतो मॅचला येऊ नका

कोयनाकाठ
शनिवार, सकाळी ९:१०

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. लांबलाय, चहा घेऊन बसा.

आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. लेक अकरावीत आहे आणि शाळेच्या व्हर्सिटी, म्हणजे मुख्य टीममध्ये फुटबॉल खेळतो, म्हणजे इथला फुटबॉल, हेल्मेट आणि शोल्डर पॅडवाला. टेक्सासमध्ये शुक्रवारची रात्र काय असते ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच सांगते की ॲलन गावात शाळेचं स्टेडियम आहे १८ हजार लोकांचं, ६ कोटी डॉलर खर्चून २०१२ ला उघडलेलं (आणि दोन वर्षांत काँक्रीटला भेगा पडल्या म्हणून बंद ठेवावं लागलेलं, असो).

आमची शाळा नवीन आहे. वस्ती इतकी वाढली की जुन्या हायस्कूलचे दोन भाग केले, सीनियर मुलं जुन्या शाळेतच राहिली आणि आमच्या वाट्याला सगळी लहान पोरं आली. समोर १८ वर्षांचे दाढीवाले बाप्ये आणि आमच्याकडे आत्ता आत्ता मिसरूड फुटलेले. सीझनला १० मॅचेस असतात, ऑगस्टच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत, अजून एकही जिंकलेली नाहीये. काल ४९-७. ते सात पण समोरच्यांनी राखीव मुलं उतरवली त्यानंतरचे.

लेक ऑफेन्सिव्ह लाइनमध्ये आहे, लेफ्ट गार्ड. बॉल हातात कधीच येत नाही, क्वार्टरबॅकच्या (बॉल फेकणाऱ्याच्या) पुढे राहून अंगावर येणाऱ्यांना थोपवायचं, बस. चांगलं केलं तर कोणाला दिसत नाही. सगळ्या स्टेडियमला त्याचा नंबर ऐकू येतो तो रेफरी माइकवर "होल्डिंग, ऑफेन्स, नंबर ६४" म्हणतो (समोरच्याला धरून ठेवल्याचा फाउल) तेव्हाच, की चाललो दहा यार्ड मागे. काल दोनदा झालं.

घरी येताना गाडीत नवऱ्याचं सुरू, की तिसऱ्या क्वार्टरला तू डावा पाय आधी टाकला असतास तर, आणि कोचने तिथे पासच का दिला वगैरे. लेक खिडकीबाहेर बघत बसलेला. गॅरेजमध्ये गाडी लावली तसं दार उघडता उघडता म्हणाला, पुढच्या शुक्रवारपासून तुम्ही कोणी येऊ नका. आवाज चढवून नाही, अगदी सरळ, तेच जास्त लागलं.

आणि पुढचा शुक्रवार होमकमिंग आहे, माजी विद्यार्थी परत येतात ती शाळेची वर्षातली मोठी मॅच! नवरा म्हणतो त्याचं ऐकू या. सासरे आलेत सांगलीहून सहा महिन्यांसाठी, ते म्हणतात मी जाणारच, वाटल्यास पलीकडच्या पार्टीच्या बाजूला बसतो, त्याला दिसणार नाही. मला काही सुचत नाहीये. ज्यांची मुलं-भाचे-पुतणे शाळेच्या टीममधून खेळतात, कुठलाही खेळ असो, त्यांनी सांगा, तुम्ही काय करता?

---

ह्यूस्टनचा_पोऱ्या
शनिवार, सकाळी ९:४८

हाय काकू. माझा जन्म इथलाच, बोलून टाईप करतोय सो मराठी सांभाळून घ्या.

मी पण लाइनमॅन होतो, डिफेन्सचा. मी पण आईबाबांना येऊ नका म्हटलेलं आणि ते खरंच आले नाहीत आणि खरं सांगू का, मला बरं वाटलं. सगळे इथे म्हणतील की मुलं वरवर नको म्हणतात पण आतून हवं असतं. नेहमी नसतं तसं. मॅच संपली की सगळे पेरेंट्स कुंपणाला उभे राहतात आणि त्यांच्यासमोरून लॉकर रूमपर्यंत चालत जायचं, हेल्मेट हातात, ते मला नको व्हायचं. हरल्याचं काही नाही, हरायची सवय होते, पण बाबा तोंड पाडून उभे असायचे आणि मग मला त्यांना बरं वाटेल असं काहीतरी बोलावं लागायचं. म्हणजे मीच त्यांची समजूत काढायची.

सो त्याला विचारा नेमकं काय नको. तुम्ही स्टँडमध्ये असणं नको, की कुंपणापाशी नको, की गाडी नको. माझा अंदाज गाडी. पण आज नका विचारू, आज शनिवार आहे, सकाळी कालच्या मॅचची फिल्म बघायला बोलावलं असेल, तिथे कोचने सगळ्यांसमोर त्याचे दोन्ही होल्डिंग चार-चार वेळा मागेपुढे करून दाखवले असतील. आज त्याचा कोटा फुल आहे.

---

बाकावरचा
शनिवार, सकाळी १०:२०

राग मानू नका ताई पण मूळ प्रश्न वेगळा आहे. आपली मुलं या धुडगुसात हवीतच कशाला? आठवड्याला इतके तास घालवायचे, डोक्याला मार खायचा आणि वर हरायचं. त्यापेक्षा टेनिस, बॅडमिंटन, पोहणं आहे. अकरावीचं वर्ष कॉलेजच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं असतं. आमच्या न्यू जर्सीत आमच्या ओळखीतलं एकही मराठी मूल फुटबॉल खेळत नाही.

---

कोयनाकाठ
शनिवार, सकाळी १०:४१

@ह्यूस्टनचा_पोऱ्या, अरे बाबा किती बरोबर ओळखलंस, सकाळी सातलाच गेलाय फिल्मला. काकूला हे कोणी सांगितलं नव्हतं. थँक्यू रे.

@बाकावरचा, राग नाही. अभ्यासाचं म्हणाल तर टेक्सासात १९८४ पासून नियमच आहे, एका जरी विषयात ७० च्या खाली गेलात तर तीन आठवडे मॅच बंद. त्या भीतीने पोरगा केमिस्ट्री जितकी करतो तितकी माझ्या सांगण्याने जन्मात केली नसती. आणि खेळायचं की नाही हा धागा नाहीये, त्यावर आमच्या घरी आठवीत असतानाच महायुद्ध होऊन गेलंय आणि मी हरलेय.

---

रंकाळा_वेस
शनिवार, सकाळी ११:०५

काय ताई, फुटबॉलचं बोलताय आणि कोल्हापूरकरांना हाक न्हाई? तुमचा तो हातात धरून पळायचा फुटबॉल आमाला कळत न्हाई पण हरायचं दुखणं सगळीकडं सारखंच.

आमचा भाचा शाळेच्या टीमला आहे, १७ वर्षांखालचा. सुब्रतो कपच्या (शाळांची फुटबॉल स्पर्धा) जिल्ह्याच्या मॅचा ऐन पावसात येतात, सगळा चिखल, आणि नॉकआऊट. तुमच्याकडं निदान दहा मॅचा तरी खेळायला मिळतात, आमच्याकडं एक हरली की शाळेचं वर्ष संपलं, बूट धुवून माळ्यावर. गेल्या साली पहिल्याच मॅचला पेनल्टीवर गेले. पोरगं दोन दिवस घराभायेर पडंना कारण आमच्याकडं पेठेत हरलेल्याला कोण सोडत न्हाई. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाची मॅच असू द्या, हरलेल्या बाजूच्या माणसाला दुसऱ्या दिवशी दूध आणायला जायची चोरी, बोलून बोलून बेजार करत्यात. मोठी माणसं ते पचवत्यात, हसत्यात, परत टोला हाणत्यात. पोरास्नी ते जमाय वेळ लागतो.

मी काय केलं, तिसऱ्या दिवशी त्याला गाडीवर घातला आणि खासबागेजवळ भेळ खायला नेला. मॅचचा म सुद्धा काढला न्हाई. भेळ खाताना तोच म्हणाला मामा तुला वाटतं का मी उजवीकडं मारायला पायजे होती. मी म्हटलं मला काय ठाव, मी गोलपोस्टाच्या मागं छत्री धरून हुभा होतो. हसला. झालं.

आनि एक सांगतो. २०१७ ला आमचा कोल्हापूरचा अनिकेत जाधव १७ वर्षांखालच्या वर्ल्डकपला भारताकडनं खेळला. भारत तिन्ही मॅचा हरला, तुमच्या अमेरिकेकडनंच ०-३, मग कोलंबिया १-२, मग घाना ०-४. आमच्या गल्लीत मोठ्या टीव्हीवर लावलेलं, तिन्ही वेळा शिट्टी वाजस्तोवर कोण उठला न्हाई. कोलंबियाच्या टायमाला जॅक्सननं एक गोल टाकला, वर्ल्डकपमधला भारताचा पहिलाच, तवा जो दंगा झाला तो जिंकल्यासारखाच की. पुढच्याच मिनिटाला कोलंबियानं दुसरा गोल टाकला ही गोष्ट वेगळी.

सासऱ्यांना आमचा रामराम. सांगलीकर म्हंजे आमचं शेजारी.

---

मैदानमास्तर
शनिवार, दुपारी १२:३०

मुंबईत शाळेत पीटी शिक्षक आहे, आंतरशालेय मॅचेसना आझाद मैदान आणि कूपरेजला मुलं घेऊन उभा असतो, म्हणून थोडं लिहितो.

हरल्यावर मूल रडत असेल तर ते स्कोअरसाठी रडतंय असं पालक धरून चालतात. माझा अनुभव असा की बऱ्याचदा ते वेगळ्याच गोष्टीसाठी असतं. कोणीतरी ओरडलं, सबस्टिट्यूट केलं, मित्राने पास दिला नाही, स्वतःची एक चूक आणि ती सगळ्यांनी पाहिली. त्यामुळे "पुढच्या वेळी जिंकाल" हे वाक्य त्याच्या दुखण्याला लागतच नाही. ताईंच्या मुलाचं ते होल्डिंग माइकवरून जाहीर होतं हे वाचून मलाच कसंतरी झालं. आमच्याकडे रेफरी पिवळं कार्ड दाखवतो तेव्हा निदान नाव तरी पुकारत नाही.

दुसरं म्हणजे वडिलांना तांत्रिक बोलायला बंदी घाला. कोच सांगतो एक, बाबा सांगतात दुसरं, मुलाने कुणाचं ऐकायचं? मागे एका वडिलांनी मला हाफटाईमला व्हॉट्सॲपवर फॉर्मेशनचं चित्र काढून पाठवलं होतं. मी अजून जपून ठेवलंय, निवृत्त झालो की फ्रेम करणार आहे.

---

कोयनाकाठ
शनिवार, दुपारी १:१५

@मैदानमास्तर सर, फॉर्मेशनचं चित्र 😂 नवऱ्याला वाचून दाखवलं, तो म्हणतो मी एवढा नाहीये. (आहे.) इथे कोचने ऑगस्टमध्येच पेरेंट्स मीटिंगमध्ये सांगितलंय की मॅचनंतर २४ तास कोणी मला फोन-ईमेल करायचा नाही. मी म्हटलं हाच नियम आपण गाडीत लावू.

@रंकाळा_वेस, सासऱ्यांना रामराम पोचवला, एकदम खूष. म्हणाले विचार त्यांना कुठल्या पेठेचे.

आता सासऱ्यांचं सांगते. त्यांना या खेळाचा एक नियम माहीत नव्हता. चार डाव, दहा यार्ड, टचडाऊनला सहा, त्यानंतरच्या किकला एक, हे मी चार वेळा सांगितलं आणि त्यांनी चार वेळा सोडून दिलं. ते बॉलकडे बघतच नाहीत! तरुणपणी तालमीत जाणारे, त्यांनी पहिल्याच मॅचला ठरवून टाकलं की ही कुस्ती आहे, फक्त कपडे घालून. तेव्हापासून फक्त ६४ नंबर आणि त्याच्या समोरचा. काल ४९-७ ने हरून गाडीकडे चालताना मला म्हणतात, सूनबाई, पोरगा शेवटी शेवटी खाली बसून भिडत होता, पहिल्या दोन मॅचला उभाच्या उभा भिडायचा म्हणून मागे ढकलला जायचा, आज त्या काळ्या जर्सीवाल्या आडदांडाला तीन वेळा जागेवर थोपवलान, हात बघ त्याचे, आतून धरतोय आता. मला काही दिसलं नव्हतं बाई. मी स्कोअरबोर्ड बघत होते.

---

क्लॅरिनेटची_आई
शनिवार, दुपारी २:००

कोयनाकाठ, मी सॅन अँटोनियोला, माझी मुलगी मार्चिंग बँडमध्ये. आम्ही बँडवाले पालक हा एक वेगळाच प्रकार असतो, टीम हरो जिंको आम्ही शेवटपर्यंत असतो कारण आमचं पोर युनिफॉर्म आणि पिसांची टोपी घालून तिथेच बसलेलं असतं. आमची टीम दोन वर्षं अशीच मार खात होती. तिसऱ्या क्वार्टरला स्टँड रिकामा, फुटबॉलवालेच पालक उठून पार्किंगला पळालेले ट्रॅफिक लागायच्या आधी, आणि मुलांना ते खालून दिसतं बरं का. शेवटी आल्मा माटर, म्हणजे शाळेचं गाणं, म्हणायला टीम बँडसमोर येऊन उभी राहते ना, हरली तरी येते, हेल्मेट वर धरतात, तेव्हा समोर आम्ही वीसपंचवीस जणच असायचो.

म्हणून माझं मत, जा. पण बँडच्या बाजूला बसा, आमच्यासारख्यांत. तिथे गप्पा असतात, कोणी स्कोअर बोलत नाही, लोक ट्रॉम्बोन बघायला आलेले असतात.

आणि हरण्याचं काय घेऊन बसलात, आपल्या टेक्सासातच प्रेअरी व्ह्यू कॉलेजची टीम १९८९ ते १९९८ ओळीने ८० मॅचेस हरली होती. ८०! तरी त्यांचा बँड बघायला लोक जायचेच.

---

ह्यूस्टनचा_पोऱ्या
शनिवार, दुपारी २:२५

मला मान्य नाही. तो नको म्हणालाय आणि तरी गेलात तर त्याला कळेल की माझ्या बोलण्याला किंमत नाही. बँडच्या बाजूला बसा, कुठेही बसा, त्याला कळणारच, सांगलीचे आजोबा लपतात थोडेच. आधी विचारा.

---

क्लॅरिनेटची_आई
शनिवार, दुपारी २:४०

अरे सोळा वर्षांचं पोरगं ४९-७ नंतर गॅरेजमध्ये जे बोलतं ते कायमचं कसं धरायचं? माझी मुलगी दर ऑगस्टला बँड सोडते.

---

निळी_पट्टी
शनिवार, संध्याकाळी ६:१५

फिजिओ आहे. जावं की नको यात पडत नाही, मला दुसरंच दिसलं म्हणून लिहितेय.

लहान मुलांची, सतत हरणारी टीम म्हणजे राखीव खेळाडू कमी. मग तीच मुलं ऑफेन्सलाही उभी राहतात आणि डिफेन्सलाही. चौथ्या क्वार्टरला पाय थकले की मुलगा गुडघ्यात वाकायचं सोडून कमरेत वाकतो, डोकं खाली जातं, आणि मान आणि डोक्याला लागतं ते अशाच वेळी. (ताई, तुमचे सासरे जे खाली बसून भिडण्याचं म्हणाले ते नुसतं जिंकण्यासाठी नाही, मानेसाठी पण तेच बरोबर. त्यांची दृष्टी चांगली आहे.) आणि हरणाऱ्या टीममधली मुलं लागलेलं लपवतात, कारण "मी बाहेर गेलो तर मागे कोणी नाही". टेक्सासात २०११ पासून कायदा आहे, कन्कशनची (डोक्याला मार लागून मेंदूला बसलेल्या धक्क्याची) शंका आली की त्या मुलाला बाहेर काढावंच लागतं आणि डॉक्टरने लेखी दिल्याशिवाय परत घेता येत नाही. पण शंका यायला कोणाला तरी दिसलं पाहिजे ना. शुक्रवारी रात्री आणि शनिवारी बघा: डोकं दुखतंय का, उजेड नको वाटतोय का, तेच तेच विचारतोय का, उलटी, विनाकारण चिडचिड. हरल्यामुळे गप्प आहे आणि डोक्याला लागल्यामुळे गप्प आहे, लांबून दोन्ही सारखंच दिसतं.

---

बाकावरचा
शनिवार, संध्याकाळी ६:५०

मी सकाळी हेच म्हणत होतो.

---

निळी_पट्टी
शनिवार, संध्याकाळी ७:०२

नाही, तुम्ही सोडा म्हणत होतात, मी बघा म्हणतेय. सॉकरमध्ये पण कन्कशन होतं, विशेषतः मुलींना. त्यामुळे बॅडमिंटनच खेळवायचं असेल तर मग सगळ्यांनाच.

---

कोयनाकाठ
रविवार, रात्री ९:३०

@निळी_पट्टी खूप आभार, हे डोक्यात नव्हतं. विचारलं त्याला, डोकं ठीक आहे, बोट सुजलंय.

आज विचारलंच, गाडीतच, किराणा आणायला गेलो होतो दोघंच. येऊ नका म्हणजे काय ते नीट सांग म्हटलं. पाच मिनिटं काही नाही. मग म्हणाला, घरी येताना गाडी नको, मी मित्राच्या ट्रकमधून येईन, आम्ही सगळे व्हॉटबर्गरला जाणार, उशीर होईल, फोन करू नकोस. कुंपणापाशी पण नको. म्हटलं आणि स्टँडमध्ये? तर खांदे उडवले. म्हटलं आजोबा? तर म्हणतो आजोबा येऊ देत, ही इज फनी.

ह्यूस्टनच्या पोऱ्या, तुला पैकीच्या पैकी.

---

रंकाळा_वेस
रविवार, रात्री ९:४४

आज्जोबा जिंकलं. नाद खुळा.

---

कोयनाकाठ
शनिवार, सकाळी ८:५०

अपडेट मागितलेत बऱ्याच जणांनी म्हणून लिहिते.

हरलो. ३५-१४. पण होमकमिंगची गर्दी असल्याने स्टँड भरलेला होता. ज्यांनी टेक्सासची होमकमिंग बघितली नाहीये त्यांना ते मम प्रकरण सांगते. मम म्हणजे कापडी शेवंतीचं एवढं मोठं फूल, ताटाएवढं, त्याला जमिनीपर्यंत लोंबणाऱ्या रिबिनी, त्यात घंटा, टेडी बेअर, लाइटच्या माळा, नाव चिकटवलेलं, आणि हे मुली शुक्रवारी दिवसभर शाळेत गळ्यात घालून फिरतात, मुलं दंडावर छोटा घालतात. सासरे बघतच राहिले, म्हणाले आपल्याकडे पोळ्याला बैलांना असं सजवतात. मी म्हटलं बाबा हळू, शेजारी कोणी मराठी असेल. होतेच, मागच्या रांगेत नाशिकचं जोडपं, त्यांची मुलगी ड्रिल टीममध्ये (मैदानावर नाचणाऱ्या मुली). हसून हसून पुरेवाट.

बसलो बँडच्या बाजूला. नवरा सारखा उठून उभा राहत होता पण तोंडातून शब्द नाही, हे मी मान्य करते. होल्डिंग एकदा झालं, पण या वेळी नंबर ७१ चं. बाहेर गेटवर आमच्या पारदर्शक पिशवीतली सासऱ्यांची सुपारीची डबी बघून सिक्युरिटीवाल्याने थांबवलं तो एक वेगळाच किस्सा, नंतर कधीतरी.

आल्मा माटरला थांबलो. कुंपणापाशी गेलो नाही, सरळ गाडी गाठली आणि घरी. बारा वाजून गेल्यावर ट्रकचा आवाज आला. मी झोपेचं सोंग. खाली सासरे जागेच होते, टीव्ही लावून. दोघांचं बोलणं वर येत होतं. सासरे मराठीत, तो इंग्लिशमध्ये, त्यांचं असंच चालतं. त्यांनी विचारलं तो ५५ नंबरवाला तुला डावीकडून फिरवून का जात होता, तर हा उठून त्यांना करून दाखवायला लागला, सोफा सरकवल्याचा आवाज आला, मग नुसतं धाडधाड. सकाळी बघते तर टीपॉय कोपऱ्यात आणि सासरे कंबर धरून.

---

निळी_पट्टी
शनिवार, सकाळी ९:०५

आता सासऱ्यांना फिजिओ लागेल 😄 कुठे दुखतंय ते मेसेज करा, व्यायाम पाठवते.

---

मैदानमास्तर
शनिवार, सकाळी ९:३०

वा! वडिलांनी तोंड उघडलं नाही याची विशेष नोंद घेतली आहे.

---

बाकावरचा
शनिवार, सकाळी ९:५२

ठीक आहे, मजा आली वाचून. पण ती केमिस्ट्री बघा.

---

कोयनाकाठ
शनिवार, सकाळी १०:१०

@बाकावरचा ८४ आहेत 🙂

आता एक मदत हवीय. दर गुरुवारी कुठल्या तरी घरी टीमचं जेवण असतं, पुढच्या गुरुवारी फक्त लाइनमनचं आमच्याकडे आहे, लेकाने स्वतःहून सांगितलं की पावभाजी कर. पंधरा पोरं, प्रत्येकी शंभर किलोच्या आसपास. भाजी किती आणि पाव किती? इथे ते गोड डिनर रोल मिळतात बाराच्या पाकिटात. तिखट किती झेपेल?

---

रंकाळा_वेस
शनिवार, सकाळी १०:२२

पंधरा पैलवान म्हंजे साधं तीस माणसांचं धरा. बटाटं पाच किलो, फ्लॉवर दोन मोठं, मटार दीड किलो, टोमॅटो तीन. ते रोल लहान असत्यात तर डोक्याला आठ, म्हंजे दहा पाकिटं आणा आणि दोन जादा. तिखट बाजूला वाटीत ठेवा, आजोबांच्या हातात देऊ नका.

---

निळी_पट्टी
शनिवार, सकाळी १०:३०

गुरुवारी बिनधास्त. फक्त उरलेली शुक्रवारी दुपारी खाऊ देऊ नका, एवढं बटर पोटात घेऊन कोणी खाली बसून भिडणार नाही.